आत कोण जाणार?

"डॉक्टरांकडे आत माझ्याबरोबर नीरजाच येईल," मुक्ताई म्हणाल्या, आणि त्यांचा डबा भरत असलेल्या नम्रताच्या काळजात चर्र झालं!

सोळा वर्षं... सोळा वर्षं खडकीच्या या क्वार्टरमध्ये सासूबाईंची पथ्यं, गोळ्या, गुडघ्यांचं तेल, सारं तिनं, थोरल्या सुनेनं केलं होतं. आणि आज, कॅन्सरच्या डॉक्टरांची पहिली अपॉइंटमेंट, आत एकाच नातेवाइकाला परवानगी, तर तो मान महिन्यातून एकदा बाणेरहून येणाऱ्या धाकट्या जावेला!

"वहिनी, बायॉप्सीचा रिपोर्ट फाइलमध्ये वरती लावू ना?" नीरजानं विचारलं.

"मला काय विचारतेस? मी आपली डब्यापुरती."

नीरजा गाडी काढायला खाली गेली. मत्सर! मत्सरच होता तो, आणि अशा वेळी तो वाटावा याची नम्रताला लाजही वाटत होती... तरीही तिनं फाइल उघडली. नीरजाच्या हातून काहीतरी चुकलेलं सापडावं, एवढीच इच्छा!

हॉस्पिटलच्या प्रश्नांची उत्तरं नीरजानं लिहिली होती. गाठ प्रथम कधी जाणवली? गेल्या जुलैत. उपचारांना उशीर का? मोठ्या सुनेचं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं होतं, तिची शुश्रूषा चालू होती. खाली पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'वहिनींसमोर नको.'

नम्रतानं ती ओळ पुन्हा वाचली. त्या जुलैत गरम पाण्याच्या बादल्या कोणी उचलल्या होत्या? तिचं अंग कोणी पुसलं होतं?

"आई, गाठ लागत होती आणि तुम्ही माझी उस्तवार करत होतात?"

मुक्ताईंनी मान वळवली. "तुला कळलं असतं तर तू अंथरुणात पडून राहिली असतीस का? टाके ओले होते तुझे... अन् आज तिथं तू रडलीस, तर मी कुणाकडं बघू गं?"

नम्रतानं त्यांच्या पायांशी बसून हुंदका दिला. किल्ली घेऊन दारात आलेली नीरजा कावरीबावरी झाली. "वहिनी, आईंनी शपथ घातली होती. तुम्हीच जा आत. तुमचाच हक्क आहे."

किती हवा होता तो हक्क! नम्रतानं डोळे पुसले.

"नाही. डॉक्टरांचं बोलणं तुला नीट कळेल, तूच जा. मी बाहेर बसून रडून घेईन," ती म्हणाली. "पण आई, उशीर माझ्यामुळे झाला हे लपवू नका. डॉक्टरांना माझं नाव घेऊन सांगा."