डेझमंडची पिवळी रेघ

ही घटना खरी आहे. हॉवर्ड पिकरिंगनं ती ज्याला ज्याला सांगितली, त्याला वार, तारीख आणि वेळेसकट सांगितली. पस्तीस वर्षं जमिनीची मोजणी करून निवृत्त झालेला माणूस. त्याला वाढवून सांगणं जमत नाही. त्याची बायको ज्युडिथ म्हणते, प्रेमपत्रातही जमलं नव्हतं.

शनिवार, १५ डिसेंबर २०१८. लिंकनशरमधलं लाउथ. दुपारचे सव्वाचार.

हो, दुपारचे. इंग्लंडात डिसेंबरमध्ये सव्वाचारला काळोख पडतो. भुतांना जागरण करावं लागत नाही.

हॉवर्ड स्वयंपाकघरात चहा ओतत होता. ज्युडिथ टेबलाशी शब्दकोडं सोडवत होती. भिंतीपलीकडे गॅरेज. गॅरेजला कुलूप. किल्ली हॉवर्डच्या खिशात.

आणि भिंतीपलीकडून आवाज आला...

टक.

जरा थांबून पुन्हा... टक.

चहा मगाच्या बाहेर ओतला जात होता. हॉवर्डचं लक्षच नव्हतं.

तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. नट आवळायचा एक पाना असतो, ठरवलेला जोर लागला की तो टक वाजतो. हॉवर्ड एकदाच वाजवायचा. दोनदा वाजवणारा माणूस एकच होता. एकदा आवळायला, एकदा खात्री करायला.

डेझमंड ब्लँचर्ड. हॉवर्डचा जिवलग मित्र.

आणि डेझमंड ऑगस्टमध्ये वारला होता. बाजारात, चीजच्या रांगेत उभा असताना. पुढे एकच बाई होती.

गॅरेजमधली गाडी दोघांची. १९७१ची, हिरवी, बिनछपराची, दोन सीटांची. बावीस वर्षं दर रविवारी हॉवर्ड चालवायचा आणि डेझमंड डाव्या सीटवर नकाशा पसरून ठाम आवाजात चुकीचे रस्ते सांगायचा. बावीस वर्षांत ज्युडिथ त्या सीटवर तीनदा बसली. त्यातलं एकदा पाय मोडला होता म्हणून.

"तुमच्या दोघांचा संसार आहे हा," ती म्हणायची. "मी आपली पाहुणी."

डेझमंडला पुरून आल्यावर हॉवर्डनं तिला शब्द दिला. १३ एप्रिल, लग्नाला पस्तीस वर्षं. त्या दिवशी डाव्या सीटवर ती. समुद्रापर्यंत.

त्यासाठी गाडी सुरक्षित हवी. म्हणून हिवाळाभर घरीच सस्पेंशन नव्यानं करायला घेतलं. गाडी स्टँडवर चढवली. स्प्रिंगा काढल्या. चाकांना धरणारे आर्म काढून तारेच्या ब्रशनं गंज घासला, काळा रंग दिला. सांध्यांमधले भेगाळलेले रबरी बुश फेकले, नवे साबणाचं पाणी लावून दाबून बसवले.

आधी ही कामं दोघं करायचे आणि त्यांचा एक नियम होता. हॉवर्डनं नट आवळायचा, डेझमंडनं तपासायचा, आणि मग नटावरून आर्मवर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायची. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते.

पिवळी रेघ म्हणजे डेझमंडचा शब्द. बावीस वर्षांत एक रेघ खोटी निघाली नव्हती. लिंकनशरमध्ये हवामानाच्या अंदाजाबद्दल असं म्हणता येत नाही.

हॉवर्डनं गॅरेज उघडलं. दिवा लावला.

कुणी नव्हतं. पाना पेटीत होता. पेटी बंद होती.

पण पुढच्या उजव्या चाकापाशी, त्यानं सकाळीच आवळलेल्या नटावर...

पिवळी रेघ.

त्यानं बोट लावलं. ओली होती.

पिवळ्या रंगाची बाटली घरात नव्हती. ती डेझमंडच्या कोटाच्या खिशात असायची. आणि डेझमंडला त्याच कोटात पुरलं होतं.

"तूच ओढली असशील," ज्युडिथ दारातून म्हणाली.

"माझ्याकडे पिवळा रंग नाहीये."

"गेल्या आठवड्यात तुझा चष्मा फ्रिजमध्ये सापडला, हॉवर्ड. लोण्याशेजारी."

हॉवर्डनं नाकावरचा चष्मा नीट केला.

खरं तर त्यानं घाबरायला हवं होतं. तो सुखावला. तो एकटा काम करत होता, आणि आता करत नव्हता. एवढंच त्याला कळलं.

दिवसा तो नट आवळायचा. चार वाजता अंधार पडला की भिंतीपलीकडे... टक. टक. मग पिवळी रेघ. पहिले पाच नट त्यानं पुन्हा तपासून पाहिले. पाचही चोख. मग तपासणं सोडलं. मित्राची परीक्षा किती वेळा घ्यायची?

तो गॅरेजमध्ये दोन मग चहा न्यायला लागला.

"दुसरा कुणाचा?" ज्युडिथनं विचारलं.

"गारठ्यात एक लवकर निवतो. म्हणून दोन."

"तू मला मूर्ख समजतोस, की स्वतःला? एकदा ठरव फक्त."

फेब्रुवारीत शेवटचं काम आलं. बुशांचे नट चाकं लोंबकळत असताना पक्के आवळायचे नसतात, रबर पिळलं जातं. गाडी जमिनीवर उभी हवी आणि सीटांवर माणसांचं वजन हवं. पूर्वी वजन म्हणून डेझमंड बसायचा, डुकराचं मांस भरलेली पाई खात. "या जिल्ह्यात माझ्याइतकं चांगलं वजन मिळणार नाही," म्हणायचा.

उजव्या सीटवर हॉवर्डनं बटाट्यांची पोती ठेवली, ती बाजू आवळली आणि पोती पुन्हा भिंतीशी लावली. डाव्या बाजूसाठी ज्युडिथला बोलावलं. शेवटी सीट तिचीच होती.

ती बसली. आणि लगेच उठली.

"ही सीट ओली आहे का रे?"

"कोरडी आहे."

"मग इतकी गार कशी? मांडीवर कुणी बर्फाचा हात ठेवावा तशी..." तिनं कोट घट्ट ओढून घेतला. "मी नाही बसत. बटाटे बसव तुझे."

जेवायची वेळ झाली होती. पोती उद्या ठेवू, असं म्हणून त्यानं गॅरेजला कुलूप लावलं.

सकाळी दार उघडलं. पोती भिंतीशीच होती.

आणि गाडी डावीकडे कलली होती.

हॉवर्डनं फूटपट्टी काढली. दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्यापर्यंत मोजलं. डावी बाजू अर्धा इंच खाली. त्यानं तीनदा मोजलं. तिन्ही वेळा अर्धा इंच. डावी सीट रिकामी...

डाव्या बाजूच्या बुशांच्या चारही नटांवर पिवळ्या रेघा होत्या. त्या नटांना त्यानं अजून पाना लावलाही नव्हता.

तो बघत असतानाच नवी स्प्रिंग बारीक कुरकुरली.

आणि गाडीची डावी बाजू सावकाश अर्धा इंच वर आली.

कुणी उतरावं तशी.

जन्मभर मोजमापं घेतलेल्या माणसानं हे पाहिलं, मोजलं, आणि ते चार नट तपासले नाहीत. "थँक्स, डेझ," एवढंच म्हणाला.

१२ एप्रिलला संध्याकाळी ज्युडिथनं विचारलं, "सगळे नट तू स्वतः तपासलेस ना?"

"हो."

"स्वतः?"

"दोनदा."

दुसऱ्या मगाची थाप सोडली, तर पस्तीस वर्षांत तो तिच्याशी पहिल्यांदा खोटं बोलला. इतकं सहज जमेल असं त्याला वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं होतं. ज्युडिथनं डोक्याला रुमाल बांधला, मांडीवर नकाशा घेतला आणि पहिल्याच फाट्यावर बरोबर रस्ता सांगितला. हॉवर्डला क्षणभर चुकल्यासारखं झालं.

"बावीस वर्षं हे माझ्यापासून लपवून ठेवलंत होय रे दोघांनी!" ती वाऱ्यात ओरडली. ती हसत होती.

टेकडीचा उतार लागला. झाडांची रांग सुरू झाली.

खट...

"काय वाजलं?"

खट...

डावं चाक आत वळल्यासारखं झालं. गाडी आपोआप डावीकडे ओढली जायला लागली. हॉवर्डनं स्टिअरिंग उजवीकडे पिळलं, ब्रेक दाबून धरला. गाडी गवतातून घसरत गेली आणि थांबली.

ज्युडिथच्या दारापासून एका झाडाचा बुंधा वीतभर लांब होता.

हॉवर्ड गवतात पालथा पडून खाली बघायला लागला. डाव्या बाजूचा नट दोन बोटांनी फिरला. बरणीच्या झाकणासारखा. बोल्ट अर्धा बाहेर आला होता.

नटावरून आर्मवर गेलेली पिवळी रेघ मात्र अखंड होती.

नट नंतर सैल झाला असता, तर रेघ तुटली असती. म्हणजे नट आधीपासूनच सैल होता. आणि कुणीतरी तशा सैल नटावर, सावकाश, नीट हातानं रेघ ओढली होती.

डाव्या बाजूचे चारही नट तसेच.

उजव्या बाजूचे, म्हणजे हॉवर्डच्या बाजूचे, दगडासारखे घट्ट.

"हॉवर्ड, काय आहे खाली?"

त्यानं सांगितलं. सगळं. गवतात पडल्यापडल्याच, कारण वर बघून सांगवलं नसतं.

ज्युडिथनं शेजारच्या बुंध्याकडे पाहिलं.

"त्याला मी त्याच्या जागेवर नको होते. हे मी समजू शकते. तो असाच होता."

"ज्युडिथ..."

"पण मी त्याला नव्हतं विचारलं. तुला विचारलं होतं. स्वतः, म्हणाले होते मी. दोनदा, म्हणालास तू."

तिनं रुमाल सोडला, नकाशाची घडी घालून सीटवर ठेवली, पर्स घेतली, हॉवर्डच्या बाजूच्या दारानं उतरली आणि बसथांब्याच्या दिशेनं उतारावरून चालायला लागली.

हॉवर्डनं गाडी उचलून नेणाऱ्या ट्रकला फोन केला. दोन तास लागतील म्हणाले. तो आपल्या सीटवर जाऊन बसला. दोन्ही हात स्टिअरिंगवर. डावीकडे त्यानं पाहिलं नाही. एक शब्द बोलला नाही. थोडा रडला. हे सगळं त्याला पक्कं आठवतं.

ज्युडिथ घर सोडून गेली नाही. फक्त आठवडाभर बोलली नाही. मग एका दुपारी मटार सोलताना, वर न बघता म्हणाली,

"वळणावर मी मागे वळून पाहिलं होतं. म्हटलं, एकट्याला टाकून आले."

हॉवर्डनं वर पाहिलं.

"तू एकटा नव्हतास."

"ज्युडिथ, मी तिथं..."

"तो नकाशावर काहीतरी दाखवत होता. आणि तू हसत होतास, हॉवर्ड. स्टिअरिंगवर हात आपटून. इतकं हसताना मी तुला माझ्यासोबत कधी पाहिलं नाही. मी रस्त्यात उभी होते. दोघांपैकी एकानंही माझ्याकडे बघितलं नाही."

हॉवर्ड आजही शपथेवर सांगतो, तो गप्प बसला होता. पण ज्युडिथ त्याच्याशी कधी खोटं बोललेली नाही. त्या घरात खोटं बोलण्याचा अनुभव फक्त त्यालाच आहे.

आणि एक गोष्ट त्यानं तिला अजून सांगितलेली नाही...

त्या दिवशी ट्रक आला, तेव्हा त्याचे गाल दुखत होते. खूप वेळ हसल्यावर दुखतात तसे.