बातमीतल्या माणसाची खुर्ची

दार लोटून घ्या आणि जवळ सरका. ज्याला हसायचंय त्यानं आत्ताच हसून घ्यावं, मधे चालणार नाही. ही माझ्या साडूची गोष्ट. फेकणारा माणूस नव्हे तो. त्याच्या तोंडून ही काढताना माझाच जीव मेटाकुटीला आला होता.

साडू रात्रशाळेत शिकवतो. शाळा अर्धवट सुटलेली मोठी माणसं तिथे परीक्षेच्या तयारीला येतात. टॅक्सीवाला, रखवालदार, शिवणकाम करणारी बाई, अशी. विषय जगातले चालू प्रश्न: युद्धं, दुष्काळ, स्थलांतर. दिवसभर राबून आलेला माणूस असल्या विषयाला डुलक्या काढणारच. म्हणून साडूनं एक युक्ती केली होती. फळ्यापुढे खुर्ची मांडायची. तिच्यावर बसेल तो बातमीतला माणूस. पुराची बातमी असली तर तो पूरग्रस्त. बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे, त्यानं 'मी' म्हणून उत्तरं द्यायची. आणि तो आपणहून उठेपर्यंत कोणी थांबवायचं नाही.

गेल्या फेब्रुवारीतला दुसरा मंगळवार. वर्गाला जाता जाता साडू झेरॉक्सच्या दुकानात थांबला आणि पेपरातल्या एका बातमीच्या प्रती काढून घेतल्या. चोरून माणसं नेणारी एक बोट समुद्रात उलटली होती. अजून कोणी सापडलं नव्हतं.

खुर्चीवर सगळे एकेकदा बसून झाले होते. राहिली होती फक्त मावशी. ती एका वसतिगृहात स्वयंपाक करायची. चारचौघांत बोलायचं म्हटलं की ती मागच्या बाकावर सरकायची, पण मुलाचा विषय निघाला की थांबायची नाही. मुलगा विमानानं परदेशी गेला होता, हॉटेलात नोकरीला. हल्ली मात्र त्याचा फोन येत नव्हता. वर्गात आली की ती आधी नकाशापुढे उभी राहायची आणि दिसेल त्याला विचारायची, "तिकडे आता रात्र असेल का हो? झोपला असेल का?" पोरगा आहे तो देश आपल्याला वाचता यावा, म्हणून तर ती शाळेत आली होती. जीव टांगणीला लागला होता बिचारीचा.

"मावशी, आज सुटका नाही," साडू म्हणाला.

"मला काय कळतंय सर बोटीतलं? मी तर पाण्याला घाबरते."

"आणि परीक्षेत हाच प्रश्न आला तर?"

झालं. बसली बाई. स्वेटर सारखा केला, हात मांडीवर ठेवले.

"काय भाऊ, तिकीट काढलं होतं का?" टॅक्सीवाल्यानं सुरुवात केली. सगळे हसले. मावशीही हसली. मग तिनं मान खाली घातली.

"घर का सोडलंत?" शिवणवाल्या बाईनं विचारलं.

"काम नव्हतं."

आवाज घोगरा आला. साडूला वाटलं, घसा बसलाय.

"घरी कोण असतं?"

"आई. मागच्या दाराला कडी लावत नाही ती. मला यायला उशीर होतो ना..."

हसणं थांबलं. आवाज पुरुषाचा होता. तरण्या पोराचा. ओठ मावशीचे हलत होते.

साडूनं तिला उठवायला हवं होतं. पण त्याच्या तोंडून निघाला तो पुढचा प्रश्नच. इतक्या वर्षांची सवय.

"आईला... माहीत आहे?"

"नाही. विमानानं जातोय म्हणून सांगितलं."

रखवालदार उभा राहिला. पुन्हा बसला, आणि त्यानंच विचारलं,

"आता कुठे आहेस, बाळा?"

मावशीनं अंग आखडून घेतलं.

"बाळा..."

"थंडी आहे."

मावशीची मान कानोसा घ्यावा तशी वळली.

"सगळे ओरडत होते. आता... कोणी ओरडत नाही."

आणि तो पोरगा रडायला लागला. रडता रडता त्यानं हात जोडले. मावशीचेच हात. "आईला सांगू नका. पाया पडतो तुमच्या. ती वाट बघतेय... बघू दे."



मावशीनं मान वर केली. गाल पुसले, ओल्या बोटांकडे पाहिलं. "अगंबाई, मी रडले की काय?" आवाज तिचाच. "जमलं का हो सर? होईन ना पास?"

"व्हाल," साडू म्हणाला. टॅक्सीवाला खिडकीकडे तोंड करून उभा होता.

ती गेल्यावर शाळेच्या फाटकाशी भांडण जुंपलं. शिवणवाली म्हणाली, सांगितलंच पाहिजे, आई आहे ती. टॅक्सीवाला म्हणाला, काय सांगणार? तुझ्याच तोंडानं तुझा पोरगा गेल्याचं कळलं, असं? साडू त्या रात्री तिच्या घरापर्यंत गेला. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत भांड्यांचा आवाज येत होता. दार वाजवायला त्याचा हात काही उचलेना. परतताना भर रस्त्यात रडलो, असं मला म्हणाला तो.

पुढच्या आठवड्यात मावशी तोच स्वेटर हातात घेऊन वर्गात आली.

"सर, हा कसला हो डाग? धुतला की जातो. वाळला की परत येतो."

साडूनं स्वेटर दिव्याखाली धरला. पाठीवर, डाव्या खांद्याशी, पांढरं काहीतरी. त्यानं बोट लावून जिभेवर ठेवलं.

मीठ.

अख्खा पंजा होता. मोठा, पुरुषाचा. पाची बोटं घट्ट रुतलेली... काही केल्या सोडायचं नाही, अशी.