जऊळक्याहून आलेली पोच

मी अंगुरीबाई. कामरगावात बियाणे आणि फवारणीच्या औषधांचे आमचे दुकान आहे. माझ्या घरात भुताखेतांचे नाव काढायला मनाई आहे, आणि ती मनाई मीच घातलेली आहे. तेव्हा पुढची हकिगत खोटी ठरवण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्या, की ती सांगण्यात माझाच मान कमी होतो.

गेल्या श्रावणातली गोष्ट. रात्रीची नव्हे... भर दुपारची.

अनसिंग आणि जऊळका येथेही आमची दुकाने आहेत. जऊळक्याला हयातभर आमचे शेठजी बसले. शेठजी म्हणजे माझे यजमान. त्यांना जाऊन आता तीन वर्षे होतील.

त्यांचे दोन नियम होते. निरोप दिला की समोरून ‘पोचलं’ ऐकल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. आणि जो माल विकायचा नाही, त्याचे तोंड भिंतीकडे करायचे. पाठमोरा डबा त्यांनी सख्ख्या भावालाही विकला नाही.

मग नातू अर्हम पुण्याहून शिकून आला. म्हणाला, फोनवर धंदा चालत नाही. त्याने तिन्ही दुकानांचे कॉम्प्युटर एकमेकांशी जोडले. कामरगावचा लिनक्सवर, अनसिंगचा विंडोजवर. जऊळक्याला आधी शेठजींचा जुना कॉम्प्युटर जोडून पाहिला, तो टिकेना तेव्हा बाद करून नवा बसवला.

“निरोप रांगेत थांबतो, आजी. लाइन गेली, समोरचा बंद पडला, तरी हरवत नाही. पोच येईपर्यंत पुन्हा पुन्हा जातो.”

ऐकायला छान. प्रत्यक्षात महिनाभर डोक्याला ताप. अनसिंगला मराठी अक्षरांच्या जागी चौकोन उमटत. एकच निरोप चारदा येई.

“चारदा आला तर चालतो, आजी. हरवलेला चालत नाही.”

“तुझ्या आजोबांना एका फोनात जमत होतं. तू पेट्या जोडल्यास, आणि त्या सासू-सुनांसारख्या अबोला धरून बसल्यात!”

त्या दुपारी कंपनीच्या माणसाचा फोन आला. किडीच्या औषधाच्या एका लॉटमध्ये चुकून तणनाशक भरले गेले होते. एक फवारणी, आणि उभे सोयाबीन करपून गेले असते.

तो लॉट फक्त जऊळक्याला होता. आणि तांड्यावरचा हेमसिंग त्याच दुपारी तेच औषध न्यायला तिथे जाणार होता. सकाळी त्याने स्वतः मला कळवले होते.

अर्हमने निरोप धाडला.

जऊळका गप्प.

तिथली वीज सकाळपासून गेलेली. दुकान सांभाळणाऱ्या धरमसिंगचा फोन लागेना, हेमसिंगचाही नाही.

“गेला का निरोप?”

“रांगेत आहे.”

“रांगेत म्हणजे? हेमसिंगचं शेत जळाल्यावर पोचणार आहे का? गाडी काढ!”

तो उठला. इतक्यात... कॉम्प्युटर वाजला.

पोच आली होती.

मी सुटकेचा श्वास टाकला. पण अर्हम उभ्याउभ्याच थिजला.

“आजी... ही नव्या कॉम्प्युटरची पोच नाही. आजोबांच्या जुन्याच्या नावानं आलीय.”

“मग?”

“ते नाव मी केव्हाच काढून टाकलं. त्याची डिस्क तर माझ्या कपाटात आहे.”

त्याने कपाट उघडले.

डिस्क तिथेच होती.

लांबचा रस्ता. अर्हमने गाडी दामटली.

जऊळक्याला उतरलो तर दुकानात भांडण पेटलेले. मला पाहताच हेमसिंग पुढे आला.

“या शेठानीबाई! तुमीच सांगा याले. डबे डोयासमोर दिसून राह्यले, अन् हा म्हन्ते इकत नाही! काहून? माह्या पैशाले खरूज झाली काय?”

“मी काय करू, बाई?” धरमसिंग म्हणाला. “जेवून आलो, त डब्याइचे तोंडं भिताडाकडं. पाठमोरा माल मी नाही इकत. मले वाटलं, तुमच्या घरचंच कोनी येऊन गेलं.”

“कुलूप नव्हतं?”

“होतं नं! चाबी माह्या कमरेले.”

मी फळीकडे पाहिले. त्याच औषधाचे दुसऱ्या लॉटचे डबे सरळ उभे होते. मधले नेमके... तेवढेच पाठमोरे. लॉटचे बारीक आकडे त्या अंधाऱ्या दुकानात कोणीतरी वाचले होते.

कोपऱ्यात बारदान्याखाली जुना कॉम्प्युटर पडला होता. त्याची वायर जमिनीवर मोकळी होती. मी त्यावर हात ठेवला.

गरम होता... नुकतेच कोणी उठून गेलेल्या गादीसारखा.

हेमसिंगला दुसऱ्या लॉटचे डबे दिले. त्याचे शेत वाचले. जाताना म्हणाला, “शेठजीची शिस्त हाय अजून.”

सूर्य मावळून गेला होता. मावळल्यावर मी अन्न घेत नाही, त्या दिवशी उपाशीच निजले.

दुसऱ्या दिवसापासून त्या जुन्या कॉम्प्युटरच्या नावाने कामरगावला निरोप येऊ लागला.

अर्हमने उघडून पाहिला. आत एकही अक्षर नाही. फक्त पोच मागतो.

अर्हमने ते नाव पुन्हा काढले. सगळी यंत्रणा पुसून नव्याने बसवली. जुना कॉम्प्युटर भंगारात घातला. मी रागावले, तो माझ्यावर ओरडला, घरातली शांतता गेली.

निरोप येतच राहिला.

“पोच देऊन टाकू, आजी. दिली की थांबेल. मीच तशी रचना केली आहे.”

“द्यायची नाही.”

त्याला वाटते, आजी घाबरली. मी घाबरलेली नाही. मला राग येतो. हयातीत ज्यांनी कधी अर्धवट बोलणे केले नाही, त्यांनी आता कोरा निरोप का पाठवावा? काय सांगायचे राहिले आहे? आणि मला नाही तर कोणाला सांगणार?

पण एक गोष्ट मला पक्की ठाऊक आहे. समोरून ‘पोचलं’ ऐकले... की ते फोन ठेवून देत.

आत्ता, हे लिहीत असताना, पुन्हा वाजले. अर्हम दारात उभा राहून माझ्याकडे पाहतो आहे.

मी मानेनेच नाही म्हटले.