सात नंबरची भिंत

सात नंबरच्या खोलीचं दार मी खांद्यानं ढकललं आणि आतून आवाज आला, "जपून. खळ सांडली असेल तर घसरशील."

"सांडली असेल म्हणजे? तुलाच माहीत नाही?"

"माझी बादली खाली गाडीत आहे," खिडकीशी उभा असलेला उंच मुलगा म्हणाला. "मला वाटलं, वास तुझ्याकडून येतोय..."

वॉलपेपर चिकटवायच्या ताज्या खळीचा वास खोलीभर दाटला होता. जमीन मात्र कोरडी ठणठणीत होती. आम्ही एकमेकांकडे पाहिलं, आणि दोघांनीही तो विषय तिथंच सोडला. त्याचे डोळे करडे होते, समोरच्या समुद्रासारखे. हे मला त्या घाईतही दिसलं, त्याला काय करणार.

मी मॉर्वेना. अंतर्गत सजावटीची विद्यार्थिनी. आमच्या अभ्यासक्रमात एक अख्खं वर्ष वर्गाबाहेर, कुणाच्या तरी हाताखाली काम करायचं असतं. माझ्या वाट्याला न्यूलिन गावातलं मिसेस बॅसेट यांचं ऑफिस आलं होतं आणि आता बंदरावरच्या या जुन्या गेस्टहाउसचं काम. मालकीणबाई मिस टॅम्सिन नान्स हिवाळ्यात वारल्या. एकट्याच होत्या. याच खोलीत त्यांनी आयुष्य काढलं. किल्ल्यांना बांधलेल्या चिठ्ठ्यांवर अजून त्यांचंच अक्षर होतं, तिरकं आणि शेपटीदार.

तो पेरन पॅस्को. भिंतींना वॉलपेपर लावणारा.

मी लेझरनं खोलीची रुंदी घेतली. चार मीटर बारा सेंटिमीटर. त्यानं आपली लाकडी घडीची पट्टी उलगडत नेली. तेरा फूट सहा इंच.

"बघ, आपलं जुळतंय," तो म्हणाला.

"मापं जुळतायत."

"मी तरी दुसरं काय म्हटलं?"

त्या मापावर मी भिंतीपासून भिंतीपर्यंतचं कपाट काढलं आणि सुताराला नकाशा धाडला. पुढच्या आठवड्यात सहज खात्री करायला गेले, तर माप आलं चार मीटर नऊ. त्याच्या पुढच्या सोमवारी, चार मीटर पाच.

"मॉर्वेना, भिंती चालत नाहीत," मिसेस बॅसेट चष्म्यावरून म्हणाल्या. "एकाच खोलीची तीन मापं? सुतार शुक्रवारी कपाट आणतोय. ते बसलं नाही, तर मला विद्यापीठाला खरं काय ते कळवावं लागेल. मग तुझं हे वर्ष धरणार नाहीत."

वर्षभर राबून शेवटच्या पंधरवड्यात ही वेळ. मी जिन्यात बसून रडले. पेरन शेजारी येऊन बसला आणि कागदी पिशवीतली अर्धी पेस्टी, मांस-बटाटा भरलेली भाजकी करंजी, त्यानं माझ्यापुढे धरली.

"वेंधळी म्हण मला," मी म्हणाले.

"म्हटलं असतं. पण सकाळी मीही मोजली." त्यानं पट्टी काढून दाखवली. "तेरा फूट साडेतीन इंच... आणि गेल्या आठवड्यात माझी शिडी तिथं मावत होती, आता मावत नाही."

त्या दिवसांत धुकं हटतच नव्हतं. भर दुपारी खिडक्या पांढऱ्या व्हायच्या, दूरवर जहाजांचा भोंगा हंबरायचा, आणि सात नंबरमध्ये तो वास वाढत जायचा. कधी वाटे, भिंतीच्या आत कुणीतरी पेन्सिलीनं कागदावर खरखर लिहितंय. मी श्वास रोखून ऐकायला लागले की थांबायचं. अंगावर काटा यायचा. तरी मी रोज काहीतरी निमित्त काढून तिथं जायची, कारण तिथं पेरन असायचा. खोली आक्रसत होती आणि आमचे कोपर एकमेकांना लागत होते.

"मुद्दाम करतोयस."

"मी? भिंतीला विचार."

"पेरन... पंधरा दिवसांनी मी जाणार आहे."

"माहितेय," तो ब्रश पुसत म्हणायचा. "बोलू की उद्या."

हे 'उद्या' मी आठ वेळा ऐकलं होतं.

त्यानं तीन भिंती सोलून काढल्या होत्या. खालच्या गिलाव्यावर जुन्या कारागिरांच्या पेन्सिलीतल्या सह्या होत्या, नाव आणि साल. त्यांची ही रीतच आहे. कागद लावण्याआधी भिंतीवर आपलं नाव घालायचं आणि ते झाकून टाकायचं. पुन्हा कधी कागद बदलेल तेव्हा पुढच्या माणसानं वाचायचं. फक्त पलंगाच्या उशाकडची भिंत त्यानं सोडली होती. निळ्या कागदावर पाकोळ्या होत्या आणि सगळा रंग विटला होता.

"हा डेन्झिलआजोबांच्या हातचा आहे," तो म्हणाला. "माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. सहा वर्षं झाली त्यांना जाऊन. त्यांनीच मला हे काम शिकवलं. हात धजत नाही."

"एवढा जुना कागद मिस नान्सनी बदलला कसा नाही?"

"तेच तर. आजोबा दर मे महिन्यात विचारायला यायचे, बाई, कागद बदलायचा का? त्या म्हणायच्या, राहू दे, अजून चांगला आहे. आजोबा घरी येऊन दिवसभर कुणाशी बोलायचे नाहीत. आम्ही पोरं हसायचो. लग्नबिग्न केलं नाही त्यांनी."

मी जवळ जाऊन पाहिलं. कागद जिथं जिथं फाटला होता तिथं कुणीतरी बारीक तुकडे लावून, पाकोळीला पाकोळी जुळवून तो सांधला होता, जसं आवडतं कापड रफू करावं. हे काम कारागिराचं नव्हतं. मी लेझर लावला. चार मीटर. कपाटापेक्षा बारा सेंटिमीटर कमी.

तो गुरुवार होता.

"पेरन, काढ तो कागद. आत्ता."

त्यानं भिंत भिजवली आणि पाकोळ्यांचा पट्टा वरून खाली अलगद उतरवला. मागे पेन्सिलीची अक्षरं होती.

*डेन्झिल पॅस्को, मे १९९३. टॅम्सिन, माझ्याशी लग्न करशील का?* आणि त्याखाली उत्तरासाठी ओढलेली एक रिकामी रेघ.

पेरननं त्या रेघेवर बोट ठेवलं. "तोंडानं विचारायची हिंमत नव्हती म्हाताऱ्याला. वाटलं असेल, चार-पाच वर्षांत कागद निघेल, ती वाचेल..."

"आणि तिनं कागद निघू दिला नाही," मी म्हणाले, "कारण तो त्यानं लावलेला होता."

एकतीस वर्षं तिच्या उशाशी तो प्रश्न होता. मला रडू आवरेना. भोंगा थांबला. खोलीत इतकी शांतता झाली की वाटलं, चारही भिंती कान देऊन उभ्या आहेत.

पेरननं कानावरची पेन्सिल काढली. आजोबांच्या रेघेपासून वीतभर अंतर सोडून त्यानं लिहिलं, *पेरन पॅस्को. मॉर्वेना, माझं तुझ्यावर प्रेम आहे. कागद लावायच्या आधी वाच.*

"वाचलं," मी म्हणाले. त्याच्या हातातली पेन्सिल घेतली आणि खाली लिहिलं, *माझंही. मॉर्वेना.*

मग आम्हाला जवळ यायला भिंतीची गरज उरली नाही. बऱ्याच वेळानं मला कामाची आठवण झाली आणि मी लेझर उचलला. चार मीटर बारा.

पेरननं भिंतीवर चादर टांगली; आमचं लिहिणं मिसेस बॅसेटना दाखवायला आम्हाला लाज वाटत होती. मी दाराला कुलूप लावलं, आणि ती किल्ली रात्रभर माझ्या खिशात होती.

शुक्रवारी कपाट आलं आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत अलगद बसलं. मिसेस बॅसेटनी फटीवरून बोट फिरवलं.

"म्हटलं नव्हतं, भिंती चालत नाहीत? अहवालात चांगलं लिहीन मी." त्या सुताराबरोबर खाली गेल्या.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की खोलीतला तो वास गेलाय. पेरननं नवा कागद उलगडला, स्वतःची खळ कालवली आणि चादर ओढली.

आमची अक्षरं होती तशीच होती. पण आजोबांची रेघ रिकामी नव्हती. तिच्यावर लिहिलं होतं, *हो.* आणि पुढे नाव. तिरकं, शेपटीदार अक्षर, कित्येक वर्षांपूर्वी लिहावं तसं पुसट झालेलं.

मी खिशातली किल्ली काढली आणि चिठ्ठीवरचं अक्षर त्याच्याशी लावून पाहिलं. पेरननं माझा हात घट्ट धरला. त्याचा हात गार पडला होता, माझाही.

मग त्यानं ब्रश उचलला.

"झाकू?"

"झाक," मी म्हणाले. "दोघींचं वाचून झालंय."