तीन-बाराची नोंद

"एक तर कुलूप खोटं बोलतंय, नाहीतर माझ्या सासूबाई," समोर बसलेली तरुणी म्हणाली. "आणि खरं सांगू, माझा दोघांवरही विश्वास बसत नाही."

भाऊजींनी ते वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं. चपलांचं दुकान विकल्यापासून त्यांचं हेच काम होतं. त्यांच्या वहिनी खासगी तपास करायच्या. भाऊजी सोबत हिंडायचे, नोंदी घ्यायचे आणि बहुतेक वेळा भलत्याच माणसावर संशय घ्यायचे.

"पहिल्यापासून सांगा," वहिनी म्हणाल्या.

आठ महिन्यांपूर्वी तिच्या नवऱ्याने दाराला इलेक्ट्रॉनिक कुलूप बसवलं होतं. सासूबाई चाकांच्या खुर्चीत. मुलगी चार वर्षांची, आणि दार दिसलं की पळणारी. म्हणून आतूनसुद्धा अंगठा किंवा कार्ड लावल्याशिवाय दार उघडत नसे. धूर झाला तर तेवढं आपोआप सुटायचं. दार कोणी आणि कधी उघडलं, हे नवऱ्याच्या फोनवर उमटायचं.

"काल गुरुवारी मुलगी बाहेर गेली. चौकात, ट्रकच्या मागे उभी होती. ट्रक मागे येत होता. सायकल दुरुस्तीवाल्याने ओढली म्हणून..." तिने पदर तोंडाशी नेला. "फोनवर नोंद आहे, तीन वाजून बारा मिनिटं, आजी. सासूबाई म्हणतात, मी झोपले होते. मुलीला विचारलं तर म्हणते, सांगायचं नाही."

"आणि यजमान?"

"त्यांनी वृद्धाश्रमात खोली ठरवलीये. सोमवारी आईला नेणार. म्हणतात, तिला दार उघडल्याचंच आठवत नाही. आज दार, उद्या गॅस."

"तुम्हाला कोणाचा संशय?"

"मावशींचा. सासूबाईंना सांभाळतात त्या. झोपलेल्या माणसाचा अंगठा कोणीही लावू शकतं ना?"

ती गेल्यावर भाऊजी म्हणाले, "मावशीच."

"भाऊजी, चहा तरी होऊ द्या."

संध्याकाळी दोघं त्या घरी पोचले. कुलूप बघायला भाऊजींना चांगलंच वाकावं लागलं.

"आईच्या खुर्चीवरून हात पोचेल अशी उंची मोजून घेतली," आजींचा मुलगा अभिमानाने म्हणाला. "दहा कुलपं तपासली मी. तक्ता केला. बॅटरी, अंगठा, मुलांची सुरक्षितता, सगळं."

"आईंना विचारलं होतं?"

"तिला यातलं काय कळतंय?"

वहिनींनी दोन महिन्यांच्या नोंदी मागून घेतल्या. 'आजी' असं लिहिलेल्या तेवढ्या भाऊजींनी वहीत उतरवल्या. सोमवार, दोन चाळीस. बुधवार, चार पाच. शनिवार, सकाळी अकरा. रविवार, सकाळी दहा. पान भरलं, भाऊजींचं मनगट दुखलं, हाती मात्र काही लागलं नाही.

मावशी स्वयंपाकघरात भांडी पुसत होत्या. त्या वर न बघताच बोलल्या.

"मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. माझं कार्ड बघा ना. तीन पाचला बाहेर, तीन एकतीसला आत. वरून काय हात लांब करून दार उघडलं मी?"

"आई स्वतः दार उघडतात का?"

"त्यांची लहर. सकाळी ऊन खायला अंगणात जायचं तर मलाच उघडायला लावतात. सोमवार ते शुक्रवार ठरलेलं. नात बालवाडीतून दीडला आली की मात्र ऐट बघा. 'तू राहू दे, मी जाते.' मग आजी-नात दोघी जातात."

भाऊजींनी डोळे बारीक केले. मावशी फारच पटापट उत्तरं देत होत्या.

आजी खिडकीपाशी बसल्या होत्या. फोन वाजून बंद झाला तसा त्यांनी चार आकडे दाबून तो उघडला. बोटं चपळ होती.

"आलात का चौकशीला?" त्या म्हणाल्या. "मला वेड लागलंय का, ते बघायला?"

"तुम्ही आधी काय करत होतात?" वहिनींनी विचारलं.

"चष्म्याच्या काचा घासायचे. छत्तीस वर्षं. ओली वाळू आणि हे हात." त्यांची नजर भाऊजींकडे वळली. "तुमची डावी काच ढिली आहे. द्या इकडे."

त्यांनी अंगठ्याने काच दाबून बसवली आणि चष्मा परत केला. भाऊजींच्या हातात यायच्या आत तो वहिनींनी घेतला, उजेडात धरून काचेवरचा डाग नीट पाहिला आणि मग दिला. भाऊजींनी तो रुमालाने पुसून टाकला.

"काल तुम्ही दार उघडलं?"

"नाही."

"मग कोणी?"

आजी खिडकीबाहेर बघू लागल्या. त्यांना काहीतरी ठाऊक होतं, एवढं भाऊजींनाही कळलं.

परतताना दोघं कुलूपवाल्याच्या दुकानात शिरले.

"सगळ्या दारांचे गुप्त नंबर तुमच्याकडे असतात म्हणे," भाऊजी दरडावून म्हणाले.

"असतात ना. या साहेबांनी त्याच दिवशी बदलून घेतला, माझ्यासमोर. महासंशयी माणूस." कुलूपवाला हसला. "त्या आजींचा अंगठा नोंदवताना जीव गेला माझा. पाच वेळा लाल दिवा. साहेब डोक्यावर उभे, 'आई, नीट धर.' त्यात पोर मांडीवरून उतरेना, दोघींवर एक शाल. मी फोनमध्ये बघत होतो. सहाव्यांदा लागला एकदाचा हिरवा."

रस्त्यावर आल्यावर भाऊजींनी जाहीर केलं, "कुलूपवालाच."

"दुपारपर्यंत मावशी होत्या," वहिनी म्हणाल्या.

शनिवारी दुपारी सगळे दिवाणखान्यात जमले. कुलूपवालाही आला. नात आजीच्या खुर्चीला चिकटून उभी होती.

"मावशी तेव्हा गच्चीवर होत्या, मुलगा-सून कामावर," वहिनींनी सुरुवात केली. "कुलूपवाल्यांचा नंबर बाद झालेला. झोपलेल्या आजींना खुर्चीत घालून दारापर्यंत नेणारं घरात कोणी नव्हतं. मग उरल्या आजीच. भाऊजी, नोंदी वाचा."

भाऊजींनी वाचल्या.

"सोमवार ते शुक्रवार, 'आजी' ही नोंद दीडच्या आधी एकदा तरी आहे?"

भाऊजींनी पान वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नाही."

"शनिवार-रविवारी मात्र सकाळीही आहे. म्हणजे हा अंगठा बालवाडीच्या वेळेत कधीच घरी नसतो."

सुनेने मुलीकडे पाहिलं.

"आजींनी काल भाऊजींच्या काचेवर अंगठा दाबला. डाग उमटला, पण त्यात एकही रेघ नव्हती. छत्तीस वर्षं वाळूत घासलेला अंगठा. कुलूप वाचणार काय? पाच वेळा लाल दिवा लागला, मुलगा डोक्यावर उभा. सहाव्यांदा शालीखालून दुसरा अंगठा पुढे आला. आणि उंची तर आजींच्या खुर्चीची. उभ्या नातीच्याही हाताशी तीच." वहिनींचा आवाज मऊ झाला. "आजी, पुढचं तुम्ही सांगता की मी सांगू?"

आजींनी नातीला उचलून मांडीवर घेतलं.

"हा म्हणत होता, 'एवढंही जमत नाही का?'" त्या हळू बोलल्या. "कुलूपवाल्यासमोर. मला वाटलं, आजचं निभावून नेऊ. मग रोजच निभावलं. आम्ही दोघी मिळून उघडायचो. एकटी जाणार नाही, कोणाला सांगणार नाही, असं हिने कबूल केलं होतं. चार वर्षांच्या पोरीकडून मी वचन घेतलं. चूक माझीच."

"मग परवा सांगायचं ना आई," मुलगा म्हणाला. "मी तुला विसरभोळी समजलो."

"विसरभोळीला निदान वृद्धाश्रमात खोली तरी मिळते. पोरीच्या हातात किल्ली देणारीकडे पोरीला पुन्हा कोण येऊ देईल?"

आवरून ठेवलेली बॅग भिंतीशी होती. सुनेने ती उचलली आणि सासूच्या खोलीत नेऊन उघडली. कपाटात साड्या ठेवल्याचा आवाज बाहेर ऐकू आला.

"अंगठा काढून टाका," मुलगा कुलूपवाल्याला म्हणाला. "त्याऐवजी काय बसवायचं, मी आज रात्री बघून—" तो थांबला. आईच्या खुर्चीसमोर उकिडवा बसला. "आई, तुला काय हवं?"

"आकडे," आजी ताबडतोब म्हणाल्या. "फोनसारखे. डोकं अजून घासलं गेलेलं नाही माझं. आणि दार उघडलं की घरभर मोठ्याने वाजलं पाहिजे. महिन्याला आकडे बदलायचे. ही आता शंभरपर्यंत मोजते."

कुलूपवाल्याने अर्ध्या तासात सगळं जुळवलं. आजींनी खुर्ची दाराशी नेली आणि मागे वळून पाहिलं.

"पाठ फिरवा."

मावशींनी फिरवली. भाऊजींनी आणि कुलूपवाल्यानेही. सुनेने मुलीला कडेवर घेऊन तिचं तोंड आपल्या खांद्यात दाबलं.

"तू रे?"

"आई, मला तरी आकडे माहीत हवेत ना?"

"तुझीसुद्धा," आजी म्हणाल्या.

मुलाने पाठ फिरवली. चार टकटक झाल्या. दार घरभर वाजलं, आणि खुर्चीची चाकं एकटीच अंगणात गेली.