मागची सीट

घड्याळजीचा भुताखेतांवर विश्वास नव्हता, आणि त्याहून कमी विश्वास होता तो मेहुण्यावर. तरी मोटारसायकलच्या तपासणीला जाताना त्याने मेहुण्याला बरोबर घेतलं. सरकारी आवारात बोलायला एक तोंड लागतं, आणि मेहुण्याच्या तोंडाची टकळी झोपेतसुद्धा चालू असे.

गाडी जुनी होती. बरीच वर्षं एका गॅरेजात ताडपत्रीखाली पडून होती, पण इंजिन असं की घड्याळजीने नुसता कान लावला आणि म्हणाला, "चाल बरोबर आहे." मागची सीट मात्र गॅरेजवाल्याने काढून, दोरीने करकचून बांधून माळ्यावर टाकली होती.

"ती कशाला हवी? पेटी बसवा मागे, सामान आणायला बरी," असं तो सांगून थकला.

घड्याळजीला हवी होती ती मागचीच सीट; गाडी विकत घेताना ती त्याने माळ्यावरून उतरवून परत बसवून घेतली. लेकीला डोंगरापलीकडच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि नेमकी तिकडची बस बंद झाली. बायकोने निकाल देऊन टाकला. "सोमवारपर्यंत गाडी रस्त्यावर आली तर जाऊ दे तिला. नाही आली तर नाव काढून घ्या, उगाच आशेला लावू नका पोरीला." लेकीने वह्यांना कव्हरं घालायला घेतली.

आज शुक्रवार. गाडीची नोंदणी कधीच संपलेली. तपासणीत पास झाली तर ती पुन्हा रस्त्यावर येणार. नापास झाली तर पुढची तारीख महिन्याने.

आवारात पत्र्याची लांबलचक शेड होती. तापलेल्या रबराचा आणि जळक्या ऑइलचा वास नाकात बसत होता. तपासायला आले ते साहेब मोठ्या मिशांचे, शांत. त्यांनी चॅसीच्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली. आकडे उमटले, जुळले. दिवे लागले. आरसे बघून झाले. हॉर्न वाजवताच शेडमधली कबुतरं उडाली.

"साहेब, हा हॉर्न ऐकून आमची ताईसुद्धा गप्प बसेल," मेहुणा म्हणाला.

मिशीवाले हसले. "आता ब्रेक. एक चक्कर मारून आलो की झालं."

शेडमागे सरळ रस्ता होता. पुढे एक गंजलेला विजेचा खांब, तिथे हलकंसं वळण, आणि वळणानंतर जमिनीवर आखलेला पांढरा पट्टा. वेगात जायचं आणि पट्ट्यावर थांबायचं, एवढीच परीक्षा.

साहेब निघाले. खांबापर्यंत झकास गेले आणि तिथेच थांबले. पट्टा अजून बराच पुढे होता. ते थोडा वेळ तसेच बसून राहिले, मग खाली उतरले आणि गाडी हाताने ढकलत परत आले.

"पेट्रोल संपलं?" मेहुण्याने विचारलं.

"नाही."

"पंक्चर?"

"नाही." ते उजवा खांदा चोळत होते. त्यांनी शेडमधून चष्मा लावलेल्या तरुण साहेबांना हाक मारली. "जरा तू बघ."

चष्मेवाले ऐटीत गेले. तेही खांबापाशी थांबले आणि तेही गाडी ढकलत आले. दोघे साहेब बाजूला जाऊन हळू आवाजात बोलले. चष्मेवाले जे शेडमध्ये शिरले ते पुन्हा बाहेर आले नाहीत.

"दाजी, गाडी भलतीच इमानी दिसते," मेहुणा कुजबुजला. "मालकाशिवाय पुढे जात नाही." पण त्याचं हसू ओठांवरच वाळलं.

घड्याळजी खाली वाकून गाडी बघत होता. उभा जन्म त्याने स्प्रिंगांच्या संगतीत काढलेला. म्हातारी स्प्रिंग कशी बसते आणि ओझ्याखालची स्प्रिंग कशी बसते, हे तो डोळे मिटून सांगू शकला असता. गाडी मधल्या स्टँडवर उभी होती, तिच्यावर कुणी नव्हतं. मागचे दोन्ही शॉकअप दबलेले होते.

ते एकदा किंचित वर आले. पुन्हा खाली गेले. पुन्हा वर आले.

झोपलेल्या माणसाची छाती हलते तसे.

'इंजिनाची धडधड असणार,' त्याने मनाशी ठरवलं. मग त्याच्या लक्षात आलं, इंजिन बंद होतं. त्याने कपाळाचा घाम पुसला आणि 'ऊन, दुसरं काय' असं स्वतःला बजावलं. अडला हरी म्हणतात ना, तसं झालं होतं. शंका परवडण्यातली नव्हती.

"साहेब, काय दोष आहे ते तरी सांगा. दुरुस्त करून घेतो."

"दोष काही नाही."

"मग पास करा."

"पट्ट्यापर्यंत गेली नाही गाडी. पास कशी करू? आणि नापास करायची तर कारण काय लिहू?" मिशीवाल्यांनी गाडीकडे पाहिलं, पण मागच्या भागाकडे पाहायचं टाळलं. "असं करा. तुम्हीच चालवा, मी इथून बघतो. पट्ट्यावर थांबलात की पास."

घड्याळजीने हेल्मेट चढवलं. गाडी सुरू केली. साहेब जवळ आले आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "एक सांगू? मध्येच थांबावंसं वाटलं तर थांबा. मी नापास करीन, पण थांबा तुम्ही."

"का?"

"थांबा म्हणजे झालं."

गाडी निघाली. वारा कानाला लागला. हँडल हलकं होतं आणि मागचा भाग जड. चढावर लेकीला घेऊन जाताना असंच वाटेल, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला बरं वाटलं.

खांब जवळ आला.

उजव्या खांद्यावर कुणीतरी थोपटलं. दोनदा, हलक्या हाताने.

मागे बसलेला माणूस आपलं ठिकाण आलं की थोपटतो ना, तसंच. बस्स, इथेच. उतरायचंय मला.

त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

डोळ्यांसमोर वह्यांची कव्हरं आली.

पाय त्याने उचलला.

पुन्हा थोपटलं गेलं. या वेळी जोरात, घाईने. मग बोटं खांद्यात रुतली. खांब बाजूने सरकून मागे गेला, आणि बोटांची पकड एकदम सैल पडली.

पट्ट्यावर गाडी तसूभर इकडेतिकडे न होता थांबली.

परतताना तो गाडीवरूनच आला. मेहुणा टाळ्या वाजवत होता. मिशीवाल्यांनी शिक्का मारला. कागद देताना त्यांनी विचारलं, "मागे कोण बसणार?"

"लेक."

ते उजवा खांदा चोळत पुढच्या गाडीकडे वळले.

सोमवारी सकाळी बायको दारात उभी राहिली. "बाबांना घट्ट धर गं," तिने लेकीला बजावलं. लेक आता मोठी झालेली. "हो गं आई," म्हणाली आणि बसली. दप्तर पाठीला, चेहरा नुसता फुललेला.

गाव मागे पडलं, डोंगराचा चढ लागला. पहिल्या वळणावर घड्याळजीच्या उजव्या खांद्यावर हात आला. थोपटलं नाही. नुसता येऊन टेकला, कायमचा मुक्काम करायला आल्यासारखा.

घड्याळजीला हसू आलं. एवढी मोठी झाली, पण वळण आलं की घाबरते.

"धर, धर," तो मान न वळवता म्हणाला. "भिऊ नकोस."

"मी कुठे भितेय, बाबा? मी मागची दांडी धरलीय, दोन्ही हातांनी." वाऱ्यात लेकीचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "पण तुम्ही जरा पुढे सरका ना. मी पार टोकाला आलेय."

घड्याळजीने खाली पाहिलं. त्याचं पोट केव्हाचं पेट्रोलच्या टाकीला टेकलेलं होतं.