समुद्रावरून येणारे फोन

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या. पण हे घडलंय. आमच्याच उज्जैनमध्ये, नानाखेडा बस स्टँडमागच्या कॉलनीत, गेल्या वर्षी दिवाळी आटोपल्यावर.

वासंतीकाकूंची मुलगी मधुरा मैत्रिणीबरोबर, स्नेहाबरोबर, कोकणात फिरायला गेली होती. घरात काकू एकट्याच. रोज दिवेलागणीला फोन यायचा. नंबर अनोळखी. पोरीच्या फोनला रेंज नसेल, दुसऱ्या कुणाचा घेऊन बोलत असेल, असं काकूंनी धरून घेतलं.

"आई, इथे होडी पाण्यात ढकलायच्या आधी तिला हळदकुंकू लावतात. एकदम घरच्या लेकीसारखं."

"आणि समुद्र? आपल्या नदीवरच्या राम घाटासारखा?"

"नाही गं... इथे पलीकडचा काठच नाही."

काकूंनी समुद्र कधी पाहिलाच नव्हता. सुरूची झाडं, लाल मातीची अंगणं, डोक्यावर मासळीच्या पाट्या घेऊन तरातरा चालणाऱ्या बायका... सगळं त्यांना घरबसल्या दिसायला लागलं.

फक्त एक गोष्ट खटकायची.

मागे कुणाचाच आवाज नसायचा. स्नेहाचा नाही, गाडीचा नाही, कुत्र्याचाही नाही.

नुसत्या लाटा...

आणि त्या रोज जरा जवळ आल्यासारख्या वाटायच्या.

त्या संध्याकाळीही फोन आला.

"आई, होड्या गेल्या की इथल्या बायका किनाऱ्यावर उभ्या राहतात. माणूस परत येईस्तोवर हलत नाहीत."

"आणि परत आलाच नाही तर?"

पलीकडे लाटा आणखी जवळ आल्या...

तेवढ्यात बेल वाजली.

काकूंनी फोन कानाला लावूनच दार उघडलं.

दारात मधुरा. खांद्यावर बॅग, चेहरा उन्हाने रापलेला.

"काय गं आई! रोज याच टाइमाला स्नेहाच्या फोनवरून लावतेय, तर तुझा बिझी! माझा मोबाइल पहिल्याच दिवशी खाडीत पडला. कोणाशी बोलत असतेस इतकं?"



कानात लाटा चालूच होत्या.

मधुराने फोन ओढून घेतला, स्पीकरवर टाकला. "हॅलो? कौन बोल रहा है?"



काकूच फोनवर वाकून म्हणाल्या, "बाळा... तू कोण गं?"

आवाज आला. आता तो मधुरासारखा मुळीच नव्हता. पण रागावलेलाही नव्हता.

"पहिल्या दिवशी तूच विचारलंस ना, मधुरा का गं?... मला कुणी हाक मारूनच किती वर्षं झाली. मी हो म्हटलं."

फोन कट.

मधुराने लगेच तोच नंबर लावला. 'डायल किया गया नंबर मौजूद नहीं है.' पुन्हा लावला. तेच.

त्यानंतर फोन आलेला नाही. मधुरा रोज मागे लागते, आई, सिम बदलून टाक. काकू ऐकत नाहीत.

"तिच्याजवळ दुसऱ्या कुणाचा नंबर नसेल गं," म्हणतात.

हे म्हणताना त्या मधुराकडे बघत नाहीत.

दाराकडे बघतात...